ड्रेन बोल्टचे आटे गेले म्हणून इंजिनची केस बदलण्याची गरज नसते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इंजिनातले जुने ऑइल काढण्यासाठी तळाशी जो ड्रेन बोल्ट असतो, त्याचे आटे गेल्याची तक्रार दुचाकी, मिनी ट्रॅक्टर आणि अलीकडे एटीव्ही अशा सगळ्याच वाहनांच्या बाबतीत वारंवार ऐकू येते. त्यावर नाशिकमधल्या वाहनमालकांना सहसा दोनच मार्ग सुचवले जातात. एक तर बोल्टला टेफ्लॉन टेप गुंडाळून किंवा वरून एम-सील थापून वेळ मारून न्यायची, नाही तर इंजिन खोलून केसच, म्हणजे इंजिनचे बाहेरचे कवचच, बदलायची. पहिला मार्ग धोक्याचा आहे आणि दुसरा बहुतेक वेळा विनाकारण खर्चाचा. खराब झालेले आटे काढून टाकून त्या जागी पोलादी आट्यांची गुंडाळी किंवा बुश (आतून-बाहेरून आटे असलेली छोटी नळी) बसवण्याची रीत यंत्रशाळांत अनेक दशके रूढ आहे. पण ज्याच्या खिशाला झळ बसते त्या ग्राहकाच्या कानावर ती क्वचितच घातली जाते. माझी हयात आयटीआयमध्ये फिटरचा ट्रेड शिकवण्यात गेली असल्याने या विषयावर सविस्तर लिहिण्याची परवानगी घेत आहे.

या पत्राचे निमित्त माझ्या भाच्याची एटीव्ही आहे. गिरणारे रस्त्याला त्याची द्राक्षबाग आणि बागेला जोडून छोटेसे कृषी पर्यटन केंद्र आहे. चार जाड टायरांची आणि मोटारसायकलसारख्या हँडलची ही गाडी सुटीच्या दिवशी पाहुण्यांना बांधावरून फिरवते आणि एरवी बागेत क्रेट, खताच्या गोण्या आणि छाटणीची हत्यारे वाहते. ऑइल बदलून आणल्यावर इंजिनाखाली थेंब पडू लागले, म्हणून त्याने गाडी पुन्हा त्याच कार्यशाळेत नेली. तिथे बोल्ट आणखी आवळण्यात आला आणि आवळता आवळता तो नुसताच फिरू लागला. कार्यशाळेचे नाव घेण्याचे कारण नाही. तिथून मिळालेले उत्तर मात्र नोंदवण्यासारखे आहे: ‘‘केसचे आटे गेलेत, इंजिन उतरवून खालची अर्धी केस बदलावी लागेल, पार्ट मागवायला वेळ लागेल.’’ भाच्याने मला फोन करून विचारले, ‘‘मामा, एका बोल्टसाठी सगळं इंजिन खोलायचं का?’’ त्याचा हा प्रश्न रास्त होता आणि तो प्रत्येक वाहनमालकाने विचारला पाहिजे.

आटे का जातात हे आधी समजून घ्यावे लागते. इंजिनची केस ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची, डाय कास्टिंगने ओतलेली असते आणि बोल्ट पोलादी असतो. ॲल्युमिनियम पोलादापेक्षा बराच मऊ असल्यामुळे दोघांत झटापट झाली की नुकसान केसचे होते, बोल्टला सहसा ओरखडाही येत नाही. शिवाय आवळलेल्या बोल्टचा ताण सगळ्या आट्यांवर सारखा विभागला जात नाही. बोल्टच्या डोक्याकडचे पहिले दोन-तीन आटे त्यातला मोठा वाटा उचलतात. तेवढे तुटले की भार पुढच्या आट्यांवर जातो आणि मग तेही क्रमाने कापले जातात. बोल्ट बाहेर काढल्यावर त्याच्या खाचांत चकचकीत ॲल्युमिनियमची बारीक तार वेटोळी होऊन अडकलेली दिसली, तर तो केसचा आटाच निघून आला आहे असे खुशाल समजावे. भाच्याच्या गाडीच्या बोल्टवर अशी तार दोन वेढ्यांची होती आणि नखाने ती सहज सुटली.

हे का घडते याची साखळी बहुतेक ठिकाणी सारखीच असते आणि तिची सुरुवात वायसरपासून होते. ड्रेन बोल्टखाली तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा जो मऊ वायसर असतो, तो एकदा दाबला जाऊन बोल्ट आणि केस यांच्यामधली फट बंद करण्यासाठी असतो. ऑइल अडवण्याचे खरे काम आटे करत नाहीत, हा वायसर करतो. दाबून कडक झालेला जुना वायसर पुन्हा लावला की तो नीट बसत नाही आणि ऑइल पाझरू लागते. कधी जुना वायसर केसला चिकटून राहतो आणि त्याच्यावरच नवा चढवला जातो. मग बोल्ट तितका कमी आत जातो आणि बैठकही सपाट राहत नाही. पाझर दिसला की मेकॅनिक वायसर न बदलता पाना उचलतो, बोल्ट आणखी आवळतो आणि चार-पाच सर्व्हिसिंगमध्ये आटे संपतात. काही रुपयांच्या वायसरपायी आख्खी केस धोक्यात येते, हे मी विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगत आलो आणि तरीही हे काही केल्या थांबत नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

दुसरे कारण आवळण्याच्या जोराचे आहे. बारा मिलिमीटरच्या ड्रेन बोल्टसाठी बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकांत साधारण 20 ते 30 न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे पिळण्याचा जोर, दिलेला असतो, काही एटीव्हींसाठी तर तो याहूनही कमी असतो. 25 न्यूटन-मीटर म्हणजे वीस सेंटिमीटर लांबीच्या रिंग पान्याच्या टोकाला साधारण तेरा किलोचा जोर. धडधाकट माणसाच्या हाताला हा जोर किरकोळ वाटतो, म्हणूनच ‘अजून थोडा’ म्हणण्याचा मोह होतो. त्याच पान्याला पाइप घालून लांबी साठ सेंटिमीटर केली, तर तेवढ्याच हाताच्या जोरात टॉर्क तिप्पट, म्हणजे 75 न्यूटन-मीटर होतो आणि ॲल्युमिनियमचे आटे तिथे तग धरू शकत नाहीत. हवेवर चालणारी इम्पॅक्ट गन ड्रेन बोल्ट बसवण्यासाठी वापरताना मी शहरातल्या चांगल्या, फरशी घातलेल्या कार्यशाळांतही पाहिले आहे. ती गन चाकाच्या नटांसाठी असते. ड्रेन बोल्ट सुरुवातीला बोटांनीच फिरवायचा असतो, म्हणजे तो तिरका धरला असेल तर लगेच हाताला जाणवते, आणि शेवटचा पाव फेरा टॉर्क पान्याने द्यायचा असतो.

तिसऱ्या कारणाकडे फार कमी लोकांचे लक्ष जाते, ते म्हणजे पिचचे, अर्थात लगतच्या दोन आट्यांमधल्या अंतराचे. बारा मिलिमीटरचे ड्रेन बोल्ट बहुधा दीड मिलिमीटर पिचचे, तर काही सव्वा मिलिमीटर पिचचे असतात. हार्डवेअरच्या दुकानात ‘बारा एमएमचा बोल्ट द्या’ म्हटल्यावर जो मिळतो त्याचा पिच पावणेदोन मिलिमीटर असतो. डोळ्यांना हे दोन्ही बोल्ट सारखेच दिसतात. मूळ बोल्ट हरवला म्हणून असा बोल्ट आणून पान्याने रेटत आत घातला, की तो स्वतःसाठी नवे आटे कोरत जातो आणि केसचे जुने आटे कायमचे उद्ध्वस्त करतो. पिच गेज प्रत्येकाकडे नसते, पण साधी पट्टी सर्वांकडे असते. दहा आट्यांची लांबी मोजावी. ती पंधरा मिलिमीटर भरली तर पिच दीडचा, साडेसतरा भरली तर पावणेदोनचा. आटे गेले असे ठरवण्याआधी योग्य पिचचा नवा बोल्ट नव्या वायसरसह लावून पाहणेही आवश्यक आहे, कारण काही वेळा झिजलेला असतो तो फक्त बोल्ट आणि केस शाबूत असते.

आता तात्पुरत्या उपायांविषयी. टेफ्लॉन टेप नळाच्या जोडासाठी ठीक आहे. इंजिनमध्ये तिचे तुकडे सुटून ऑइलच्या जाळीवर किंवा बारीक मार्गांत जाऊन बसू शकतात आणि तुटलेल्या आट्यांना तिच्यामुळे कोणतीही ताकद मिळत नाही. एम-सील किंवा तत्सम लांबी (पुट्टी) तेलकट पृष्ठभागावर धरत नाही आणि धरलीच तर पुढच्या वेळी ऑइल बदलताना छिन्नीने फोडावी लागते. जाड, स्वतःच आटे कापत जाणारा ‘ओव्हरसाइज’ बोल्ट हाही असाच उपाय आहे. तो आवळताना ड्रेनच्या भोवतीचे कास्टिंग बाहेरच्या बाजूला फाकते आणि तिथे एकदा तडा गेला की मग खरोखरच केस हातची जाते. या सगळ्यांत समान धोका असा की बोल्ट चालत्या गाडीतून गळून पडला तर ऑइल काही क्षणांत संपते. एका साध्या दुचाकीच्या इंजिनात जेमतेम लिटरभर आणि एटीव्हीत साधारण दोन लिटर ऑइल असते. ते वाहून गेल्याचे चालवणाऱ्याच्या लक्षात येईपर्यंत पिस्टन, कॅमशाफ्ट आणि बेअरिंग कोरडे पडून इंजिन जाम झालेले असते. रस्त्यावर ते ऑइल मागच्या चाकाखाली आले तर दुचाकीस्वाराच्या जिवावर बेतते. आणि जे थेंबाथेंबाने पाझरते ते कुठे जाते, हेही नाशिककरांनी आठवावे: सातपूर-अंबडकडचे नाले नासर्डीला आणि नासर्डी गोदावरीला मिळते. वापरलेले ऑइल 2016 च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते.

योग्य दुरुस्ती कशी होते ते मी थोडे विस्ताराने लिहितो, म्हणजे आपल्या गाडीवर नेमके काय केले जात आहे हे मालकाला पारखता येईल.

हे काम इंजिन न उतरवता करता येते. गाडी सपाट जागी पक्की उभी करून खालचा संरक्षक पत्रा काढायचा, ऑइल पूर्ण निथळू द्यायचे आणि ड्रेनच्या भोवतालची जागा चिंधीने व ब्रेक क्लीनरने स्वच्छ करायची. भोक तळाशी आणि खालच्या दिशेने तोंड असलेले असेल तर ही मोठी सोय असते, कारण कापलेला कीस आपोआप खाली पडतो. त्यानंतर गुंडाळीच्या किटसोबत येणाऱ्या मापाच्याच ड्रिलने जुने आटे साफ करायचे. ॲल्युमिनियम ड्रिलला चिकटते, म्हणून ड्रिलचा वेग कमी ठेवून मधून मधून रॉकेलचा थेंब द्यायचा. भोकाच्या पलीकडे ऑइलची जाळी किंवा पंपाचा भाग असू शकतो, त्यामुळे ड्रिलवर आधी चिकटपट्टी लावून खोलीची खूण करून घेतल्याशिवाय काम सुरू करू नये.

पुढचा टप्पा टॅपचा, म्हणजे भोकात आटे पाडणाऱ्या हत्याराचा, आणि सगळे कौशल्य इथेच लागते. गुंडाळीसाठीचा टॅप नेहमीच्या बारा मिलिमीटरच्या टॅपपेक्षा मोठा असतो, कारण त्याने पाडलेल्या आट्यांत आधी गुंडाळी बसते आणि गुंडाळीच्या आतल्या बाजूला मूळ मापाचा बोल्ट बसतो. टॅपच्या खाचांत ग्रीस भरले की कीस त्यात अडकून राहतो. टॅप केसच्या बैठकीला काटकोनात आहे ना, हे पहिल्या दोन फेऱ्यांतच गुण्या लावून दोन बाजूंनी तपासायचे, कारण नंतर तो सरळ करता येत नाही. टॅप तिरका गेला तर वायसर एका बाजूलाच टेकतो आणि कितीही चांगली गुंडाळी बसवली तरी ऑइल गळतच राहते. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, अशा लयीत टॅप चालवायचा म्हणजे कीस तुटतो. हाताला जड लागू लागले की जोर न लावता टॅप बाहेर काढून, पुसून, पुन्हा ग्रीस भरून घ्यायचा. भाच्याच्या गाडीचे काम करताना माझ्या हाताखाली शेजारचा एक तरुण मेकॅनिक होता. टॅप मधेच काढण्यात वेळ जातो असे त्याला वाटत होते. बाहेर आलेल्या टॅपच्या खाचांत ग्रीसमध्ये रुतलेला करडा कीस पाहिल्यावर हा सगळा इंजिनात गेला असता हे त्याच्या ध्यानात आले आणि पुढचे काम त्याने स्वतःहून त्याच सावकाशीने केले.

गुंडाळी स्टेनलेस स्टीलच्या, पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचा छेद असलेल्या तारेची असते आणि बाजारात ती हेलिकॉइल या नावाने ओळखली जाते. ती विशेष हत्याराने आत फिरवत नेऊन तिचे तोंड केसच्या बैठकीच्या पाव ते अर्धा आटा खाली राहील अशी बसवायची. ती जराही वर राहिली तर वायसर बैठकीवर टेकण्याऐवजी तारेवर टेकतो. तिच्या शेवटच्या टोकाला बसवण्यापुरती एक आडवी जीभ असते, ती बसवून झाल्यावर तोडावी लागते. नेहमीच्या कामात ती ठोकून आत पाडतात, पण ड्रेनच्या भोकात असे करणे म्हणजे पोलादाचा तुकडा इंजिनातच टाकणे होय. तो लांब नाकाच्या पकडीने धरून, मागेपुढे वाकवून, तोडून बाहेर काढलाच पाहिजे. शक्य असेल तिथे मी ड्रेनसाठी गुंडाळीपेक्षा अखंड पोलादी बुश पसंत करतो. त्याला जीभ नसते, काही प्रकारांत वरच्या टोकाला कॉलर असल्याने तो ठरलेल्या खोलीच्या आत सरकत नाही, आणि दर सर्व्हिसिंगला बोल्ट काढण्या-घालण्याचा त्रास तो अधिक चांगला सोसतो. त्यासाठी भोक मात्र थोडे मोठे करावे लागते, म्हणून भोवतीच्या कास्टिंगची जाडी आधी पाहावी. बुशच्या बाहेरच्या आट्यांना तेल पुसून थ्रेड लॉकर (आटे पक्के चिकटवणारे द्रव्य) लावावे आणि ते पूर्ण धरेपर्यंत गाडी एक दिवस उभी ठेवावी.

यानंतर भोक उघडे ठेवून वरून अर्धा लिटर स्वस्तातले स्वच्छ ऑइल ओतून आतला उरलासुरला कीस धुऊन काढायचा. चुंबक फिरवून हे काम होत नाही, कारण ॲल्युमिनियमला चुंबक लागत नाही. मग नवा बोल्ट, नवा वायसर, पुस्तिकेतला टॉर्क, नवे ऑइल आणि इंजिन गरम होईपर्यंत चालवून केलेली तपासणी, इतके झाले की दुरुस्ती पूर्ण होते. पहिले ऑइल मात्र नेहमीपेक्षा लवकर बदलून जाळी तपासावी. अशा रीतीने बसवलेले पोलादी आटे मूळच्या ॲल्युमिनियमच्या आट्यांपेक्षा सहसा अधिक मजबूत ठरतात, कारण बोल्टचा ताण केसच्या मोठ्या व्यासावर पसरतो. विमानांच्या हलक्या धातूच्या भागांत तर अशा गुंडाळ्या भाग नवा असतानाच मुद्दाम बसवल्या जातात. ज्या जिल्ह्यात ओझरला विमाने बांधली जातात, तिथे हे तंत्र परके वाटू नये.

केस बदलण्याची गरज कधीच पडत नाही, असा माझा दावा नाही. ड्रेनच्या भोवती तडा गेला असेल किंवा आधीच्या प्रयोगांत भोक इतके मोठे झाले असेल की बुशसाठी धातूच उरला नाही, तर आर्गन वेल्डिंग करून नवे भोक पाडणे किंवा केस बदलणे एवढेच पर्याय राहतात. वर्षानुवर्षे ऑइल मुरलेल्या ॲल्युमिनियमवर वेल्डिंग नीट धरत नाही आणि उष्णतेने केस वाकण्याचीही भीती असते, म्हणून ते शेवटचे साधन मानावे. केस बदलायची म्हटली तर गिअरबॉक्ससह सगळे इंजिन सुटे करावे लागते, गॅस्केट आणि ऑइल सील नवे घालावे लागतात आणि कारखान्यात एकदा नीट बसलेली जुळणी विस्कटते. शिवाय नोंदणीकृत वाहनाच्या ज्या अर्ध्या केसवर इंजिन क्रमांक कोरलेला असतो तीच बदलली, तर आरटीओच्या दप्तरी नोंद बदलून घेण्याचे कामही मागे लागते. हे सगळे ग्राहकाला आधी सांगितले जाते का, हा माझा कार्यशाळांना थेट प्रश्न आहे.

सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींत टॅप, गुंडाळ्या, बुश आणि ते बसवणारे हात यांची वानवा नाही. छोट्या लेथवाल्याकडेही मापाचा बुश तासून मिळतो. उणीव आहे ती गॅरेज आणि यंत्रशाळा यांच्यातल्या दुव्याची. दुचाकी-ट्रॅक्टरच्या सुट्या भागांची विक्री करणाऱ्या दुकानदारांनी ड्रेन वायसर सुटे, मापानुसार आणि समोर दिसतील असे ठेवावेत. गॅरेज संघटनांनी आपल्या सभासदांकडे निदान एक चांगला टॉर्क पाना असेल असा आग्रह धरावा. आयटीआयच्या मोटार मेकॅनिक ट्रेडमध्ये खराब आट्यांची दुरुस्ती प्रत्येक विद्यार्थ्याकडून टाकाऊ केसवर प्रत्यक्ष करवून घ्यावी. फळ्यावरच्या आकृतीने हे काम हाताला येत नाही. आणि वाहनमालकांनी सर्व्हिसिंगच्या बिलात नवा ड्रेन वायसर लावल्याची ओळ आहे का हे पाहावे, नसेल तर पैसे देण्याआधी विचारावे. ऑक्टोबर छाटणीनंतर फवारणीचे ट्रॅक्टर दिवसरात्र चालतात. त्या दिवसांत एका बोल्टपायी ट्रॅक्टर उभा राहिला तर फवारणीची वेळ हुकते आणि ती भरून काढता येत नाही, हे दिंडोरी-निफाडच्या बागायतदारांना मी वेगळे सांगायला नको.

कोणा गॅरेजचालकाला किंवा शिकाऊ मेकॅनिकला ही दुरुस्ती प्रत्यक्ष पाहायची असेल, तर बारा आणि चौदा मिलिमीटरचे टॅप-संच माझ्याकडे आहेत आणि सरावासाठी दोन-तीन टाकाऊ केसही आहेत. रविवारी सकाळी मी मोकळा असतो. माझा पत्ता आपल्या कार्यालयाकडे दिला आहे, तो विचारणाऱ्याला अवश्य द्यावा.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिल्प निदेशक, सातपूर, नाशिक